ट्रोम्बोनची स्लाइड अडकते, खरवडते, सूर दबतो: आधी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

तुळशीचं लग्न लागलं की नागपुरात बँडच्या ऑर्डरी सुरू होतात, आणि त्यांच्या मागोमाग माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ट्रोम्बोन यायला लागतात. तक्रार एकच: "मास्तर, स्लाइड अटकून राहिली न जी." अडकण्याचे प्रकार मात्र निरनिराळे असतात आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. बहुतेक वेळा ते घरीच निघतं, जवळपास फुकटात. म्हणून माझ्याकडे यायच्या आधी हे वाचा. व्हॉल्व्ह ट्रोम्बोनवाल्यांना (त्यात सरकणाऱ्या नळीऐवजी बटणं असतात) यातला फक्त माउथपीसचा भाग कामाचा आहे.

लक्षणं

तुमची स्लाइड नेमकी काय करते ते आधी ठरवा.

- सुरुवातीला झकास चालते, वरात अर्ध्या वाटेवर आली की जड होते. वंगण सुकलंय किंवा पाणी उडालंय.
- पहिल्या पोझिशनपासून (स्लाइड पूर्ण आत) शेवटपर्यंत सारखी खरखर, आणि नळी पुसली की फडक्यावर काळं. आत घाण आहे.
- बाकी सगळीकडे मोकळी, पण एका ठरावीक जागी टच्‌ करून अडते. तिथे पोचा आहे.
- थंडीच्या रात्री दगड होते, दुपारी बरी असते. खोबरेल तेल घातलेलं असणार.
- नुसती हातात धरली तर चालते, वाजवायला उचलली की जड. पकड चुकते आहे किंवा नळ्या समांतर नाहीत.
- पूर्ण आत जात नाही, किंवा आत जाताना खट्ट वाजते. कॉर्क किंवा फेल्टचं काम आहे.
- चालते लोण्यासारखी, पण सूर दबलेला, खालचे सूर पोकळ. हवा गळते आहे, माउथपीस चुकीचा आहे, किंवा तोंडाकडच्या नळीत काहीतरी बसलंय.

मे महिन्यात सगळा बँड चढा वाजतो, तो स्लाइडचा दोष नव्हे. गरम हवेत आवाजाचा वेग वाढतो: २० अंशांना सेकंदाला साधारण ३४३ मीटर, ४० अंशांना ३५५ च्या आसपास. त्यामुळे सूर वर सरकतो. बेलकडची (भोंग्याकडची) ट्यूनिंग स्लाइड थोडी बाहेर ओढा आणि वाजवा.

स्लाइड म्हणजे काय, दोन मिनिटांत

हे कळलं नाही तर पुढच्या तपासण्या नुसत्या पाठ होतील.

स्लाइडला दोन आतल्या नळ्या असतात. त्या एका टोकाला हाताच्या दांडीशी डाख देऊन पक्क्या बसवलेल्या असतात, दुसरं टोक मोकळं. त्यांच्यावरून दोन बाहेरच्या नळ्या सरकतात आणि त्या खालच्या टोकाला यू-आकाराच्या वळणाने जोडलेल्या असतात. म्हणजे चार नळ्या आणि दोन जोड्या. दोन्ही जोड्या एकाच वेळी, एकाच दिशेने, एकमेकींना न ढकलता सरकायला हव्यात. सगळी मेख इथे आहे.

आतली नळी बाहेरच्या नळीला पूर्ण लांबीभर टेकत नाही. तिच्या मोकळ्या टोकाचा साधारण ४-५ इंचांचा भाग बाकीच्यापेक्षा किंचित जाड असतो. त्याला स्टॉकिंग म्हणतात. घर्षण होतं ते तिथे आणि हवा अडवली जाते तीही तिथेच. आतल्या नळीवर बहुधा क्रोमचा मुलामा असतो, कारण पितळावर पितळ घासलं तर दोन्ही खरवडतात.

हाताने बनवलेल्या स्लाइडमध्ये कारागीर आतली आणि बाहेरची नळी एकमेकींना लावून, घासून, पुन्हा लावून जमवतो. आपल्याकडच्या बँडपार्ट्यांतली बरीचशी वाद्यं मेरठच्या जाली कोठीतून येतात. तिथे आजही बरंच काम हातानं होतं. अशा स्लाइडची आतली आणि बाहेरची बाजू हे नवराबायको आहेत, दुसऱ्या घरात नांदत नाहीत. पहिली तपासणी यातूनच येते.

१. स्लाइड तुमचीच आहे का?

हसू नका. एका पार्टीत एकाच बनावटीचे दोन-तीन ट्रोम्बोन असतात. रात्री दोनला वरात संपते, सगळं भराभर छोट्या हत्तीत टाकलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी एकाची बाहेरची स्लाइड दुसऱ्याच्या आतल्या नळ्यांवर चढते. दिसायला तंतोतंत, सरकायला भिकार. मग "परवापर्यंत चांगली होती" म्हणत माणूस येतो, आणि तासाभराने त्याचा जोडीदारही तीच तक्रार घेऊन येतो. दोघांच्या बाहेरच्या नळ्या अदलाबदल केल्या की दोघंही खूश.

उपाय फुकट आहे: आतल्या दांडीवर आणि बाहेरच्या दांडीवर एकाच रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका द्या. नळीवर देऊ नका, आणि खिळ्याने खूण तर मुळीच कोरू नका. एवढ्या पातळ नळीवर बाहेरून मारलेली खूण आतून उंचवटा होते.

२. धरता कसं?

वाद्याचं सगळं वजन डाव्या हातावर, उजवा हात फक्त सरकवायला. थकलेला माणूस उजव्या हातानेही वाद्य उचलायला लागतो, मग बाहेरच्या नळ्या आतल्यांवर तिरप्या दाबल्या जातात. डाव्या मुठीने दोन्ही दांड्या आवळल्या तरी हेच होतं. रस्त्यावर तीन तास चालत वाजवणाऱ्याला हे सांगणं सोपं आहे, पाळणं नाही, हे मला माहीत आहे. पण तपासून बघा: बसून, डाव्या हाताची बोटं सैल ठेवून, उजव्या हाताच्या दोन बोटांनी आणि अंगठ्याने दांडी हलकी धरून सरकवा. मोकळी झाली तर पैसे खर्च करायचं कारण नाही.

बेलचा भाग स्लाइडला लावताना नट पूर्ण आवळला नसेल तर बेल झुकते आणि तिचं वजन हाताच्या दांडीला पिळतं. तेही पाहून घ्या.

३. पाणी

क्रीम लावलेली स्लाइड पाण्यावर चालते. क्रीमच्या पातळ थरावर पाण्याचे बारीक थेंब बसतात आणि स्टॉकिंग त्यांच्यावरून सरकतं. पाणी गेलं की उरतं ते चिकट क्रीम.

इथे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं निदान असं: "उन्हानं पितळ फुगलं." हिशोब करून बघा. पितळ एका अंशाला आपल्या मापाच्या दहा लाखांत सुमारे १९ भाग वाढतं. १४ मिलिमीटर व्यासाची नळी २० अंशांनी तापली तर तिचा व्यास वाढतो ०.००५ मिलिमीटर. माणसाचा केस याच्या दहापट तरी जाड. शिवाय ऊन आधी लागतं ते बाहेरच्या नळीला. ती आधी फुगते, म्हणजे फट वाढते, कमी होत नाही. पितळाचा यात काही गुन्हा नाही. मेच्या संध्याकाळी इथली हवा एवढी कोरडी असते की फवारलेलं पाणी दोन गाणी संपायच्या आत उडतं. बाटली खिशात ठेवा आणि गाणं संपलं की दोन फवारे मारा. पुण्यामुंबईचे वादक मारतात त्याच्या दुप्पट मारावे लागतील.

पाणी कुठलं, याला महत्त्व आहे. बोअरचं पाणी जड. ते उडालं की मागे पांढरा क्षार ठेवतं, आणि तो क्रोमवर बारीक वाळूसारखा बसतो. आरओचं पाणी चालेल. सगळ्यात चांगलं म्हणजे बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर. मागताना "बॅटरीचं पाणी" एवढंच म्हणू नका, डिस्टिल्ड म्हणा आणि लेबल वाचून घ्या. त्याच दुकानात ॲसिडही असतं.

४. आत काय घातलंय?

वंगण म्हणून इथे काय काय वापरलेलं मी पाहिलंय: खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, टाल्कम पावडर, इंजिन ऑइल, आणि एकदा चक्क तूप.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरात नागपूरची रात्र १० अंशांच्या आसपास जाते. बारा वाजता मंगल कार्यालयाबाहेर स्लाइड दगड का होते, ते यातच आलं. उन्हाळ्यात तेच तेल तांब्याशी लागून हिरवा चिकट मळ करतं, त्यात रस्त्याची धूळ बसते आणि तयार होतं घासायचं मलम. सिमेंट रस्त्यांची कामं सुरू असलेल्या भागातून वरात काढणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

मशीनचं तेल एकटं असेल तर तितकं वाईट नाही. पण आधीच्या क्रीमवर ते घातलं की दोन्ही मिळून चिखल होतो. लोक एक वंगण न पुसता त्यावर दुसरं घालतात, ही सगळ्यात मोठी चूक.

ट्रोम्बोनचं स्लाइड क्रीम किंवा दोन बाटल्यांचं स्लाइड लुब्रिकंट मिळालं तर उत्तम, एक डबी हंगामभर पुरते. नाहीच मिळालं तर साधी कोल्ड क्रीम आणि पाणी. जुने ट्रोम्बोनवाले जगभर तेच वापरत आलेत. मटारच्या दाण्याएवढी क्रीम दोन्ही स्टॉकिंगना मिळून लावा, मग एवढी पुसा की लावली होती की नाही अशी शंका यावी. वर पाण्याचा फवारा. सबंध नळीला क्रीम फासून काही मिळत नाही, स्टॉकिंगच्या वरचा भाग टेकतच नाही.

५. धुलाई

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक स्लाइड इथेच बऱ्या होतात. पण धुतानाच सगळ्यात जास्त स्लाइड वाकतातही, म्हणून सावकाश वाचा.

बेल काढून बाजूला ठेवा. बाहेरची स्लाइड काढा. आतल्या नळ्यांचा सांगाडा भिंतीला टेकवून ठेवू नका. पलंगावर आडवा ठेवा आणि पोरांना खोलीबाहेर काढा. कोमट पाणी घ्या, गरम नको, गरम पाण्याने लॅकर (वरचा चकचकीत लेप) जातो. भांडी घासायचं द्रव साबण दोन थेंब. बाहेरच्या नळीत साबणपाणी ओता, लवचिक तारेच्या दांड्याचा मऊ ब्रश घालून वळणापर्यंत फिरवा, दुसऱ्या बाजूने पुन्हा. पाणी स्वच्छ येईपर्यंत.

मग सरळ गजाला मलमलीचं किंवा जुन्या धोतराचं फडकं पूर्ण गुंडाळा. गजाचं टोकही झाकलं पाहिजे, धातू कुठेही उघडा राहता कामा नये. नळीच्या सरळ भागात आतबाहेर करा. वळणाला गज लागला की थांबा, ढकलू नका. वळणात अडकलेलं फडकं काढायला मग माझ्याकडेच यावं लागतं, आणि ते काढताना वळण उसवावं लागलं तर खर्च वाढतो.

आता महत्त्वाचं: जी नळी पुसता आहात, तीच नळी धरा. डावी पुसताना उजवी धरली तर प्रत्येक झटक्याला दोन नळ्या एकमेकींपासून फाकतात किंवा पिळल्या जातात. स्वच्छ झालेली स्लाइड धुण्याआधीपेक्षा जास्त अडते, आणि माणूस म्हणतो साबणाने बिघडली. आतल्या नळ्या पुसतानाही हाच नियम.

पितांबरी ताटवाट्यांसाठी आणि बेलच्या बाहेरच्या अंगासाठी ठीक आहे, तीही लॅकर नसेल तर. स्लाइडच्या आत कुठलीही पावडर, पॉलिश, चिंच, लिंबू जाता कामा नये. पॉलिश म्हणजे बारीक घासणारे कण, ते आतल्या पृष्ठभागातून पूर्ण निघत नाहीत. आंबट पदार्थ मळाबरोबर पितळही खातात.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण. नागपुरात राहून हा मुद्दा टाळता येत नाही. खर्रा तोंडात ठेवून वाजवलं की सुपारीचे कण आणि चुना थुंकीबरोबर सरळ नळीत जातात. सुपारी क्रोम खरवडायला पुरेशी कडक आहे. काही वाद्यांच्या तोंडाकडच्या नळीतून मी सुपारीचा अख्खा खडा काढलाय, आणि तो निघताच ज्याला वादक "म्हातारं झालं वाद्य" म्हणत होता ते पुन्हा गायला लागलं. सोडा म्हणणार नाही, तुमचं तुम्ही बघा. निदान वाजवायच्या आधी चूळ भरा. सावजीच्या पंगतीनंतर तर नक्कीच.

६. कॉर्क, फेल्ट आणि पाणी काढायचा खटका

हाताच्या दांडीजवळच्या दोन गोल टोप्यांच्या आत फेल्ट किंवा कॉर्कची चकती असते, काहींत स्प्रिंगही. ती झिजली तर बाहेरची स्लाइड धातूवर आदळते. एका बाजूचीच गेली असेल तर प्रत्येक वेळी आत घेताना स्लाइड तिरपी थांबते आणि हळूहळू नळ्या वाकतात. दोन्ही बाजूंच्या चकत्या एकदमच बदला. काम स्वस्त आणि सोपं आहे.

वळणाजवळच्या खटक्याचं कॉर्क वाळलं की हवा गळते. तपासायची रीत अशी: बेल काढा, स्लाइड बंद ठेवा, बेलकडचं तोंड अंगठ्याने घट्ट दाबा आणि माउथपीसच्या बाजूने हवा ओढा. जीभ ओढली जाऊन धरून राहिली तर ठीक. सुस्‌ करत सुटली तर खटक्याचं कॉर्ककडचं टोक बोटाने भोकावर दाबून पुन्हा ओढा. आता धरली तर दोष कॉर्कचा. तरी सुटत असेल तर स्टॉकिंग झिजलंय किंवा कुठला तरी डाख सुटलाय.

७. स्लाइड चालते, पण आवाज गेला

इथे जरा थांबतो, कारण या तक्रारीवर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात आणि सगळ्यात जास्त स्लाइड कायमच्या बिघडतात.

आधी माउथपीस. टेनर ट्रोम्बोनच्या माउथपीसच्या दांड्या दोन मापांच्या असतात, बारीक आणि जाड. १२.७ मिलिमीटर बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) स्लाइडला सहसा बारीक लागते, १३.९ वाल्याला जाड. बारीक दांडी मोठ्या तोंडात बसवली की ती खोल जाते, हलते आणि सूर जागेवर बसत नाहीत. जाड दांडी लहान तोंडात अर्धवटच शिरते. पार्टीत माउथपीस एकमेकांना देतात, त्यामुळे ही गडबड नेहमीची.

मग तोंडाकडची नळी. वरच्या आतल्या नळीत माउथपीसच्या पुढे आणखी एक निमुळती नळी असते, तिला लीडपाइप म्हणतात. तिचा आतला आकार सूर कसा पकडला जातो, किती जोर लागतो हे ठरवतो. ती अगदी अरुंद असते, त्यामुळे मळाचा पातळ थरही तिथे जाणवतो. मऊ ब्रशने धुवा. काहीही टोकदार घालू नका, आणि ती ओढून काढायच्या भानगडीत पडू नका. बऱ्याच वाद्यांत ती डाखून बसवलेली असते.

आता स्लाइडच्या घडणीबद्दल. ट्रोम्बोनचा जो कडक, फाडून जाणारा आवाज असतो तो मोठा भाग याच सरळ, म्हणजे सारख्या रुंदीच्या, नळीमुळे. जोरात फुंकलं की आतली दाबाची लाट पुढे सरकताना तिची पुढची बाजू उभी होत जाते. नळी जितकी लांब, सरळ आणि अरुंद, तितकी ती जास्त उभी होते आणि आवाजात तितके वरचे सूर मिसळतात. युफोनियम हे पितळी वाद्य तेवढंच लांब असून असं किंचाळत नाही, कारण त्याची नळी बहुतेक लांबीभर रुंद होत जाते. ट्रोम्बोनला सरळ नळी लागतेच, नाहीतर स्लाइड सरकणार कशी?

म्हणून बोअरला एवढं महत्त्व. १२.७ मिलिमीटरची स्लाइड चटकन बोलते, उजळ वाजते, कमी हवेत लांब पोचते. १३.३ मधली. १३.९ मोठ्या ऑर्केस्ट्राची, रुंद आणि गडद, पण ती भरायला छाती लागते. काही कारागीर वरची नळी अरुंद आणि खालची रुंद ठेवतात, म्हणजे सुरुवातीला पकड आणि पुढे मोकळेपणा. माझं मत विचाराल तर इतवारीच्या गल्लीतून ढोल-ताशाच्या शेजारी चालत वाजवणाऱ्याने १२.७ च्या वर जाऊ नये. मोठ्या बोअरचं परदेशी वाद्य घेऊन आलेले किती तरी जण दुसऱ्याच तासाला घामाघूम होऊन म्हणतात, आवाजच निघत नाही. वाद्य चांगलंच असतं, काम चुकीचं असतं. शाळेच्या किंवा चर्चच्या बँडमध्ये बसून वाजवायचं तर गोष्ट वेगळी.

बाहेरच्या नळीचा धातूही बदलतो. पिवळ्या पितळाची नळी जड आणि आवाजाला उबदार, निकेल सिल्व्हरची हलकी, चपळ, जराशी धारदार, असं बनवणारे सांगतात. निकेल सिल्व्हरमध्ये चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. एवढंच, म्हणजे कोणी चांदीचा भाव लावायला नको. धातूने आवाजात किती फरक पडतो यावर वाद आहे. वजनाचा फरक मात्र मनगटाला निर्विवाद कळतो. वळण अर्धगोल की दोन कोपऱ्यांचं, यानेही फुंकीला लागणारा अटकाव थोडा बदलतो. पण त्यासाठी चालू स्लाइड उघडणं मला पटत नाही.

हे सगळं सांगायचं कारण: आवाज जिथे घडतो तोच पृष्ठभाग लोक पॉलिश पेपरने घासतात. "थोडी टाइट आहे, घासून मोकळी करतो" म्हणणारा कोणी ना कोणी गल्लीत भेटतोच. घासल्यावर स्लाइड खरंच पळते. पण स्टॉकिंगचा क्रोम गेलेला असतो, फट वाढलेली असते, हवा तिथून निसटते. पहिल्या-दुसऱ्या पोझिशनला कळत नाही. सहाव्या-सातव्याला (स्लाइड जवळपास पूर्ण बाहेर) दोन नळ्या एकमेकींत फक्त स्टॉकिंगपुरत्या उरतात, आणि तिथे खालचे सूर पोकळ होतात. क्रोम गेला की काही दिवसांत पितळ उघडं पडतं आणि खरखर पूर्वीपेक्षा वाईट परत येते. घासलेला धातू परत भरता येत नाही. स्लाइड घट्ट असेल तर कारण बहुतेक वेळा घाण, वंगण किंवा वाक असतं, जाडी कधीच अचानक वाढत नाही.

८. एक-एक नळी

धुवून, नवं वंगण लावूनही अडते? मग ही तपासणी करा.

बाहेरची स्लाइड बाजूला फिरवून फक्त एक बाहेरची नळी तिच्या आतल्या नळीवर चढवा, दुसरी बाजूला हवेत राहू द्या. हलक्या हाताने सरकवा, जोर न लावता. मग दुसरीची पाळी.

एकेकटी दोन्ही मोकळ्या, पण एकत्र घट्ट: नळ्या समांतर नाहीत, फाकल्यात किंवा मिटल्यात. एकच नळी एकटीसुद्धा अडते: तिच्यात पोचा, वाक किंवा मुलाम्याचा दोष आहे. ही एक खूण दुरुस्तीवाल्याचा अर्धा वेळ वाचवते, म्हणून येताना ती सांगा.

पोचा शोधायचा तर नळी ट्यूबलाइटखाली धरून सावकाश फिरवा. नळीवर पडलेली उजेडाची रेघ जिथे हलते किंवा तुटते तिथे पोचा. बोटाला न लागणारा पोचाही रेघेत दिसतो. आतल्या नळ्यांचा सांगाडा जाड काचेवर आडवा ठेवा. एक कोपरा उचलला जात असेल आणि दाबल्यावर डुगडुगत असेल तर तो पिळला गेलाय. टेबलावर किंवा फरशीवर हे करू नका, त्या दिसतात तेवढ्या सपाट नसतात.

इथे थांबा

पुढचं काहीही घरी करू नका, आणि भांडी ठोकणाऱ्याकडेही नेऊ नका. तो त्याच्या कामात उस्ताद असेल, पण तांब्यातला पोचा थोडा उरला तरी पाणी भरता येतं, स्लाइडमधला उरला तर वाजवता येत नाही.

- नळीत कुठेही पोचा. तो काढायला त्याच मापाचा घासून गुळगुळीत केलेला पोलादी गज आत घालावा लागतो. पडद्याचा रॉड चालत नाही.
- नळ्या समांतर नाहीत किंवा पिळल्यात. हाताने "थोडंसं" वाकवलेली स्लाइड मला नेहमी दुप्पट कामाची पडते.
- स्टॉकिंगवर क्रोमचे पापुद्रे निघतायत किंवा खालून पिवळं दिसतंय. आतली नळीच बदलावी लागते. गाड्यांच्या पार्टला मुलामा देणाऱ्या कारखान्यात नेऊन क्रोम चढवून आणू नका. तो थर कमीजास्त बसतो आणि नंतर मापात घासल्याशिवाय स्लाइड चढतच नाही.
- दांडीचा डाख सुटलाय. फेविक्विक आणि एमसील दोन्ही नको. त्यांनी दांडी चुकीच्या जागी पक्की होते, आणि नंतर डाख धरत नाही कारण धातू घाण झालेला असतो.
- पितळावर लालसर-गुलाबी ठिपके, मधोमध बारीक काळा बिंदू. पितळातलं जस्त निघून गेलंय आणि रोग आतून बाहेर आलाय. तो परतत नाही. ठिपके वळणावर असतील तर वळण बदलता येतं. सरकणाऱ्या नळीवर असतील तर नळीच बदलायची वेळ जवळ आलीय.
- माउथपीस अडकून बसलाय. पक्कड लावू नका, लीडपाइप पिळला जातो. माउथपीस काढायचं साधन दुरुस्तीवाल्याकडे असतं, पाच मिनिटांचं काम.

माणूस निवडताना एक प्रश्न विचारा: "समांतर कशावर बघता?" सपाट प्लेट किंवा जाड काच दाखवली तर बसा. "डोळ्यांनी कळतं" म्हणाला तर स्लाइड उचलून निघा. डोळ्यांनी कळणारे असतातही, लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटच्या कामठी सेंटरसारख्या ठिकाणी आयुष्यभर वाद्यं हाताळलेली माणसं तशी असतात. पण तेसुद्धा शेवटी प्लेटवर ठेवून बघतात. आणि कोणी पॉलिश पेपर हातात घेतला तर त्याच क्षणी "राहू द्या दादा" म्हणा.

दुरुस्तीला आणताना आतली आणि बाहेरची स्लाइड जोडूनच, स्लाइडचं लॉक लावून आणा. सोबत तुमचा नेहमीचा माउथपीस हवा. चमकवून आणू नका. धुतल्यावर तासभर वाजवा आणि तशीच आणा, म्हणजे नळी कुठे घासते त्याची ताजी रेघ मला दिसते.